दुसऱ्या बाजूला कवायत

१

सुई टेकली, जराशी खरखर झाली, आणि खोलीतल्या सगळ्यांनी श्वास रोखला.

ज्या घडीची दादांनी महिनाभर चातकासारखी वाट पाहिली होती, ती आली होती. आता स्पीकरमधून ट्रंपेट उसळणार, त्याच्या मागून पियानो धावत येणार... आणि आला तो एक करडा पुरुषी आवाज.

"पाय जुळवा! छाती पुढे! हात वर, एक! हात खाली, दोन!"

कुणी हललं नाही. आवाजवाला मात्र थांबायचं नाव घेईना. "आता कमरेत वाका! गुडघे ताठ!"

धडाम फिस्सकन हसला. धडाम म्हणजे ड्रमवाला. हे नाव त्याला शाळेत पडलं होतं आणि पुढे त्याने ते पोटापाण्याला लावलं. हसू त्याचं कायम चुकीच्या वेळी येई, ताल मात्र कधी चुकत नसे.

"हसतोस काय!" दादा ओरडले. त्यांनी सुई उचलली, तबकडी हातात घेतली, चष्मा कपाळावरून नाकावर आणला. लेबल कोरं, पांढरं. त्यांच्या रेकॉर्डचंही तसंच होतं. पण त्यांनी ती उजेडाकडे तिरकी धरली, आणि त्यांचा चेहरा लेबलासारखाच पांढरा पडला.

"ही माझी रेकॉर्ड नाही."

दादा भूमितीचे निवृत्त मास्तर. जॅझच्या रेकॉर्डी जमवणं हे त्यांचं व्यसन. घरात पलंगाखाली रेकॉर्डी, कपड्यांच्या कपाटात रेकॉर्डी, आणि कपडे खुर्चीवर. त्यांची धाकटी बहीण दातांची डॉक्टर. तिलाही जॅझचंच वेड, पण तिला लागे जिवंत मैफल. तिच्या दवाखान्याला भरदिवसा कुलूप दिसलं की लोक ओळखायचे, आज कुठेतरी कुणीतरी वाजवतंय. दाढ ठणकणाऱ्या माणसालाही ती सांगे, "आज लवंग धरा, उद्या या. आजचा सॅक्सोफोन उद्या नसतो."

भावाबहिणीचा वाद जन्माचा होता. दादा म्हणत, "मैफल हवेत विरते, चिमणे. रेकॉर्ड राहते." ती म्हणे, "रेकॉर्ड म्हणजे फोटो, दादा. फोटोला कधी घाम येतो का?"

पण ह्या एका रेकॉर्डवर दोघांचं एकमत होतं. फार वर्षांपूर्वी एका लहानशा सभागृहात एक बहीण-भाऊ वाजवत होते. भाऊ ट्रंपेटवर, बहीण पियानोवर. कुणा हौशी माणसाने ती मैफल टिपली, नमुन्याची म्हणून एकच तबकडी काढली, आणि पुढे त्याची कंपनी बुडाली. थोड्याच दिवसांत ट्रंपेटवाला भाऊ अपघातात गेला. जॅझवाले त्या तबकडीबद्दल भुताबद्दल बोलावं तसं बोलत. आहे म्हणतात, पाहिली कुणीच नाही. आणि गेल्या महिन्यात एका रिकाम्या होणाऱ्या घराच्या अडगळीत, फुटक्या आरशाखाली, ती दादांच्या हाताला लागली.

त्यांनी तिची एकच बाजू ऐकली. दुसरी ऐकायची ती बाईंबरोबर, असं त्यांनी ठरवून टाकलं.

त्या बाई आता समोरच्या खुर्चीत बसल्या होत्या. पांढरे केस, अजूनही ताठ कणा, मांडीवर लांब बोटं. तीच ती पियानोवाली बहीण. आज संध्याकाळी मोठ्या सभागृहात त्यांची मैफल होती, कित्येक वर्षांनंतरची. तिकिटं केव्हाच संपली होती.

बाई सावकाश उठल्या.

"गेली म्हणजे तीच बाजू गेली," त्या स्वतःशीच पुटपुटल्या. "वाटलंच होतं मला."

डॉक्टरणीने ते ऐकलं.

२

दुपारभर घडलं होतं ते असं.

रेकॉर्ड घरी होती कुठे? ती होती मखमलकडे. मखमल म्हणजे रेडिओवरचा निवेदक. आवाज असा की भाजीचे भाव वाचून दाखवले तरी बायका कामं सोडून ऐकत बसतील. रेडिओच्या कचेरीत तबकड्या धुवायचं यंत्र होतं, म्हणून दादांनी रेकॉर्ड त्याच्याकडे दिली होती. आज तो ती स्वतः घेऊन आला. शिवाय विजेवर चालणारी एक छोटी पेटीही आणली. "हिच्यातून आवाज घेतला की खरखर कमी होते," म्हणाला, आणि टर्नटेबलच्या मागे बसून वायरी जोडून दिल्या. मग तान्ह्या बाळाला उचलावं तशी रेकॉर्ड काढली, लावली, सुई टेकवली.

आणि काय वाजली पहिली बाजू! पहिल्याच ओळीत भावाचा ट्रंपेट असा वर चढला की डॉक्टरणीच्या अंगावर सरसरून काटा आला. पियानो त्याला चिमटे काढत होता, तो पळत होता, ती पकडत होती. जुन्या सभागृहातल्या खुर्च्यांची करकर, कुणाचा तरी खोकला, कुणाचं तरी "अरे वा!" सगळं जिवंत. दादांच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. बाईंची बोटं मांडीवर चालत होती. आणि धडामला काही राहवलं नाही. त्याने दोन्ही पायांनी ठेका धरला, फळ्यांची जमीन हादरली, टेबलावरचे कप नाचले. दादांनी एकदा दचकून डोळे उघडले आणि पुन्हा मिटले.

टाळ्यांचा कडकडाट झाला आणि बाजू संपली. मखमलने सुई उचलली.

मग चहा. दादा आणि डॉक्टरीण स्वयंपाकघरात गेले. बाई गच्चीत गेल्या, मागोमाग मखमलही. रेकॉर्डच्या खोलीत धडाम एकटा उरला. आणि जुन्या रेकॉर्डींचं दुकान चालवणारी दुकानवाली, ती फोनवर बोलत बोळात फेऱ्या मारत होती. चहानंतर मखमल म्हणाला, "दादा, दुसरी बाजू तुम्ही लावा. मान तुमचा." दादांनी लावली, आणि कवायत सुरू झाली.

"घराबाहेर कुणी गेलं नाही," मखमल आता म्हणाला. "म्हणजे रेकॉर्ड इथेच आहे. वाईट दिसतं, पण पिशव्या उघडू या. माझी आधी."

त्याच्या पिशवीत ती पेटी, कागद आणि कंगवा. दुकानवालीच्या पर्समध्ये तबकडी मावणं शक्यच नव्हतं. धडामच्या भल्यामोठ्या थैलीत काठ्या, झांजा आणि एक शिळा पाव. पलंगाखाली पाहिलं, कपाटात पाहिलं, दादांनी वेष्टनं उपसली. रेकॉर्ड जणू जमिनीने गिळली होती.

"खिडकीतून खाली कुणाला तरी दिली असेल," मखमल म्हणाला आणि घड्याळाकडे पाहून उठला. आजच्या मैफलीचं निवेदन त्याच्याकडेच होतं. "मला निघायला हवं. दादा, धीर सोडू नका." जाताना त्याने बाईंच्या खांद्यावर हात ठेवला. "तुम्ही वाजवा, बाई. रेकॉर्डचं काय, आज तुम्ही आहात ना."

तो गेल्यावर डॉक्टरणीने पदर खोचला. लोकांचे जबडे उघडून आत काय दडलंय ते पाहणं हाच तिचा धंदा होता.

"धडाम, चहाच्या वेळी तू एकटा होतास त्या खोलीत."

"होतो की! उशीवर ठेका धरत होतो. बाईंच्या त्या दुसऱ्या गाण्यातला ताल बसत नव्हता मला. आज त्यांच्याबरोबर वाजवायचंय मला, डॉक्टर, हातपाय गार पडलेत माझे!"

"खोलीत कुणी आलं?"

"मी डोळे मिटून वाजवतो. हत्ती आला असता तरी कळलं नसतं." मग त्याचा आवाज चढला. "आणि मी रेकॉर्ड घेऊन करू काय? डोक्यावर घेऊन हिंडू? घरातलं टर्नटेबल बायकोने केव्हाच भंगारात दिलं!"

दुकानवाली आधीच फणकारली होती. तिने कवायतीची तबकडी उलटसुलट करून पाहिली.

"ही माझ्या दुकानातली असणार. असल्यांचा ढीग पडलाय दाराबाहेरच्या खोक्यात. कुणी घेत नाही म्हणून मी 'फुकट न्या' लिहून ठेवलंय."

"आणि दादांची रेकॉर्ड तू मागितली होतीस."

"मागितली होती, दोनदा मागितली होती, आणि त्यांनी दोन्ही वेळा नाही म्हटलं. म्हणून चोरेन? आणि चोरून माझ्याच दारातला माल मागे ठेवेन? मी काय दुधखुळी आहे?"

"हा ढीग आला कुठून तुझ्याकडे?"

"रेडिओवाल्यांनी कपाट साफ केलं तेव्हा आणून टाकला. सकाळी कवायत लागायची ना रेडिओवर पूर्वी, त्याच ह्या. तिथल्या तबकड्यांना असंच कोरं लेबल असतं."

डॉक्टरणीने तबकडी तिच्या हातून घेऊन टेबलावर ठेवली. खोक्यातून कुणीही उचलू शकत होतं, म्हणजे त्यावरून काहीच ठरत नव्हतं. पण बाईंचं ते पुटपुटणं तिच्या डोक्यातून जात नव्हतं. वाटलंच होतं? काय वाटलं होतं?

३

बाई गच्चीच्या कठड्याशी उभ्या होत्या. खाली रस्त्यावरून माणसं घरी परतत होती. समोरच्या भिंतीवर त्यांच्याच मैफलीचं पोस्टर होतं, एक कोपरा सुटून फडफडत होता.

"बाई, दुसऱ्या बाजूला काय आहे?"

बाईंनी तिच्याकडे पाहिलं. डॉक्टरणीने त्यांची प्रत्येक मैफल ऐकली होती. पावसात भिजत, जिन्यात उभं राहून, एकदा तर तंबूच्या मागे उकिडवं बसून. बाईंना ते माहीत होतं.

"माझा भाऊ बोलतो," त्या म्हणाल्या. "दुसरी बाजू सुरू होते ती त्याच्या बोलण्याने. तो म्हणतो, 'आता जी चाल वाजवणार आहोत, ती माझ्या बहिणीची. परवा भांडी घासताना सुचली तिला. अजून नाव ठेवलेलं नाही.' लोक हसतात. आणि मग आम्ही ती वाजवतो."

"कुठली चाल?"

बाईंनी कठड्यावर बोटं ठेवली आणि अगदी हळू गुणगुणल्या. चारच स्वर पुढे गेले असतील, डॉक्टरणीच्या तोंडून निघून गेलं, "अहो, ही तर रेडिओवरची! मखमलच्या कार्यक्रमाची चाल!"

"हेच," बाई म्हणाल्या. "हेच म्हणतात सगळे."

दर रविवारी सकाळी मखमलचा कार्यक्रम त्याच चालीने सुरू होई. दाढी करताना लोक ती गुणगुणत, मुलं शिट्टीवर वाजवत. मखमलने स्वतः बांधलेली चाल म्हणून ती प्रसिद्ध होती. त्याचे सत्कार झाले होते तिच्यापायी.

"भाऊ गेला आणि मी जहाजावरच्या बँडमध्ये नोकरी धरली," बाई सांगत होत्या. "इथे राहवेना मला. परत आले तर एका सलूनमधल्या रेडिओवर माझी चाल! त्या मैफलीला मखमल होता. पोरसवदा होता, भावाच्या मागे मागे फिरायचा. मी बोलले, नाही असं नाही. लोक हसले. म्हणाले, बिचारी, रेडिओवर ऐकून ऐकून स्वतःचीच समजायला लागली. तेव्हापासून मी ती वाजवतच नाही. माझीच चाल वाजवायची मला चोरी झाली बघ."

डॉक्टरणीची कानशिलं तापली. "मग सरळच आहे! मखमलनेच—"

"नाही गं." बाईंनी मान हलवली. "मलाही आधी तेच वाटलं. पण चहाच्या वेळी तो इथे होता, ह्या जागेवर, माझा हात धरून. 'कठडा डुगडुगतो, पडाल,' म्हणाला. मी आत येईपर्यंत त्याने हात सोडला नाही. देवाशपथ सांगते, त्याला मीच साक्षीदार आहे."

डॉक्टरीण कठड्याला टेकली. कठडा मुळीच डुगडुगत नव्हता.

आता झाली का पंचाईत! ज्याला कारण होतं तो तिथे नव्हता, आणि जे तिथे होते त्यांना कारण नव्हतं. आणि सूर्य कलायला लागला होता. आणखी थोड्या वेळाने बाईंना मंचावर चढायचं होतं, आणि निवेदन करणार होता मखमल.

४

आतून पुन्हा तोच आवाज आला. "पाय जुळवा! छाती पुढे!"

दादांनी कवायतीची रेकॉर्ड लावली होती आणि स्पीकरला कान लावून बसले होते. "काही धागा मिळतोय का बघतोय," ते हताशपणे म्हणाले. "प्रमेय सुटत नसलं की आकृती पुन्हा काढावी."

"काढा आकृत्या!" धडाम उसळला. तो अजून धुमसत होता. "माझी थैली झाडून झाली, आता बाईंना घेऊन मी हॉलवर निघतो. इथे चोर म्हणून बसायची हौस नाही मला!" आणि तो पाय आपटत दाराकडे निघाला.

"हात वर, ए— वाका! गुड— तीन! श्वा— एक!"

कवायतवाल्याची त्रेधा उडाली. सुई टुणटुण उड्या मारत होती.

"हळू चाल रे, बैला!" दादा किंचाळले. "फळ्या आहेत ह्या! सुई उडते!"

डॉक्टरीण दारातच खिळली.

ह्या घरात पाय आपटायचा नाही, हे तिला लहान मूल असल्यासारखं शिकवलं गेलं होतं. चपला दाराबाहेर आणि पावलं मांजराची. मागच्याच आठवड्यात ती फोन घ्यायला धावली होती, सुई उडाली होती, आणि दादा दिवसभर तिच्याशी बोलले नव्हते.

"धडाम!" ती ओरडली. "तिथेच थांब! नाही, मागे ये. दुपारी बसला होतास तिथे बस. दादा, रेकॉर्ड चालू ठेवा. आता धडाम, दुपारी पहिल्या बाजूला धरला होतास तसा ठेका धर. दोन्ही पायांनी!"

"डोकं ठिकाणावर आहे ना, डॉक्टर?"

"धर म्हणते ना!"

धडामने ठेका धरला. कप नाचले. आणि कवायतवाला पार भुईसपाट झाला. एक म्हणता तीन, हात म्हणता गुडघा, शेवटी सुई सरळ घसरत जाऊन मधल्या रिकाम्या जागेत गोल गोल फिरायला लागली. टक्. टक्. टक्.

मग दुकानवालीने तोंडावर हात नेला. "दुपारी... सुई एकदाही उडाली नाही."

"एकदाही नाही!" डॉक्टरीण आता खोलीत येरझाऱ्या घालत होती. "दादा, तुम्ही घाबरून डोळे उघडलेत. मी पाहिलं. काहीच झालं नाही म्हणून पुन्हा मिटलेत. आणि ही टक् टक् ऐकताय? बाजू संपली की तुम्ही उठेपर्यंत ही चालते रोज. दुपारी टाळ्या संपल्या आणि एकदम शांतता. का?"

दादा हळूहळू उभे राहिले. "कारण आपण जे ऐकलं, ते सुईखालून येतच नव्हतं."

"आपलं गृहीतच चुकलं होतं! आपण धरून चाललो की पहिली बाजू ऐकली म्हणजे रेकॉर्ड तेव्हा इथे होती. ती नव्हतीच, दादा! फिरत होती ही कवायत. तिच्यावर सुई होती, पण तिचा आवाज स्पीकरला जातच नव्हता. स्पीकरला जात होता—"

"त्या पेटीतला," धडाम म्हणाला, आणि ह्या खेपेला तो हसला नाही.

"त्याच पेटीत पहिल्या बाजूची टेप होती. रेकॉर्ड धुवायला म्हणून दोन दिवस कुणाकडे होती? वायरी कुणी जोडल्या? सुई कुणी टेकवली, कुणी उचलली? चहा संपल्यावर वायर जागेवर लावायला त्याला एवढासा क्षण पुरे होता. आणि मग म्हणाला, मान तुमचा!"

"पण एवढा उपद्व्याप कशाला?" दुकानवालीने विचारलं. "रेकॉर्ड हरवली म्हणून सांगायचं आणि मोकळं व्हायचं."

"त्याच्याकडे असताना हरवली असती तर बोट त्याच्याकडेच गेलं असतं. त्याला आपण सगळ्यांनी पहिली बाजू ऐकायला हवी होती. तुमची रेकॉर्ड मी परत आणली, तुम्ही कानांनी ऐकली, पुढे काय झालं ते तुम्ही जाणा! आणि चहाच्या वेळी तो उभा राहिला बाईंचा हात धरून. साक्षीदार म्हणून त्याने कुणाला निवडलं बघा."

बाई दारात उभ्या होत्या. त्यांनी आपल्या हाताकडे पाहिलं, मखमलने धरला होता त्याच, आणि तो पदराला पुसला.

"दादा," डॉक्टरीण म्हणाली, "टर्नटेबल सोडवा. घेऊन निघायचं."

"कुठे?"

"मैफलीला!"

"मी? मैफलीला?" दादा गांगरले. "आणि त्याने रेकॉर्ड फोडून टाकली असली तर?"

डॉक्टरणीने टर्नटेबलची वायर गुंडाळायला घेतली. हे तिच्याही मनात आलं होतं.

"तर टर्नटेबल परत आणू," ती म्हणाली.

५

धडामच्या ड्रमच्या गाडीत पुढे बाई, मागे ढोलांच्या मध्ये दुकानवाली आणि डॉक्टरीण, आणि ह्या सगळ्यात दादा टर्नटेबल मांडीवर घेऊन, प्रत्येक खड्ड्याला "अगं आई गं" म्हणत. सभागृहासमोर ही गर्दी! आत खुर्च्या भरल्या होत्या, मधल्या वाटेतही लोक बसायला लागले होते. वाद्यं जुळवण्याचे तुटक सूर बाहेरपर्यंत येत होते. एरवी त्या सुरांनी डॉक्टरणीचे पाय जमिनीवर राहिले नसते. आज ती थेट मंचामागच्या खोलीत शिरली.

मखमल आरशासमोर टाय बांधत होता. तिला पाहून हसला.

"सापडली का हो रेकॉर्ड?"

"सुई उडाली नाही," डॉक्टरीण म्हणाली.

तो हसतच राहिला, पण टायवरची बोटं थांबली. तिने सगळं सांगितलं, ठेका, कवायत, पेटी. तिने आवाज चढवला नाही. भूल उतरत असलेल्या रुग्णाशी बोलावं तसं ती बोलली. मखमल खुर्चीत बसला. बोलला तेव्हा त्याच्या आवाजातली सगळी मखमल गेली होती. उरला होता एका थकलेल्या माणसाचा साधा, जरा घोगरा आवाज.

"लोक मला रस्त्यात थांबवून ती चाल गुणगुणतात, डॉक्टर. लहान मुलं गुणगुणतात. माझ्यापाशी दुसरं आहे काय? दुसऱ्यांनी लिहिलेलं वाचून दाखवायचं, बस. सुरुवातीला कुणीतरी विचारलं, ही चाल कुणाची, आणि मी नुसता हसलो. तेवढंच केलं मी. नुसता हसलो. मग ते माघारी घेताच आलं नाही."

"रेकॉर्ड कुठे आहे?"

त्याने कपाटाकडे पाहिलं.

"फोडली?"

"फोडायला घेतली होती." तो उठला. कपाटात त्याच्या कोटाचं लांब आच्छादन लटकत होतं. त्याने त्याची चेन उघडली आणि आतून, कोटाच्या पाठीमागून, पुठ्ठ्याचं चौकोनी वेष्टन काढलं. "गुडघ्यावर धरली होती मोडायला. पण त्याआधी एकदा ऐकावी म्हटलं. आणि तो बोलला. त्याचा आवाज मी विसरलो होतो. मित्र होता हो तो माझा." त्याने वेष्टन तिच्या हातात दिलं. "तेव्हापासून घरी ठेववेना आणि फेकवेना. म्हणून दुपारी कोटात लपवून इथे ठेवली आणि मग तुमच्याकडे आलो."

डॉक्टरणीने तबकडी अर्धी बाहेर काढून पाहिली. काळीभोर, लखलखीत, धुतलेली. तिचे डोळे भरून आले, आणि त्याच वेळी तिला भयंकर रागही आला.

"मंचावर तुम्हीच जायचं आहे," ती म्हणाली. "आणि तुम्हीच सांगायचं."

"नाही जमणार मला."

"तिला इतकी वर्षं खोटं ठरून जगायला जमलं. तुम्हाला खरं एकदा बोलायला जमेल."

पडदा वर गेला. मखमल माईकशी आला तेव्हा सवयीने टाळ्या पडल्या. त्याच्या हातात कागद नव्हता.

"नमस्कार," तो म्हणाला, आणि लोक चपापले, कारण हा आवाज त्यांच्या ओळखीचा नव्हता. "दर रविवारी तुम्ही जी चाल ऐकता, ती माझी नाही. कधीच नव्हती. ती कुणाची, हे सांगायचा अधिकार माझ्याहून मोठ्या माणसाचा आहे. तो आता नाही. पण सांगणार तोच आहे."

एवढं बोलून तो बाजूला झाला आणि अंधाऱ्या विंगेतून निघून गेला. सभागृहात कुजबुज माजली. दादा टर्नटेबलपाशी बसले होते, जन्मात पहिल्यांदा मंचावर. डॉक्टरणीने त्यांचा हात धरला, आणि दोघांनी मिळून सुई टेकवली.

खरखर. मग त्या जुन्या, लहानशा सभागृहातली करकर ह्या मोठ्या सभागृहात भरली, आणि एक तरुण, हसरा आवाज म्हणाला, "आता जी चाल वाजवणार आहोत, ती माझ्या बहिणीची..."

भांडी घासण्याचं ऐकून तेव्हाचे लोक हसले. आताचे लोक हसले नाहीत. ट्रंपेट सुरू झाला. रविवारची ती ओळखीची चाल, पण किती वेगळी! रेडिओवर ती गुळगुळीत झाली होती. इथे तिला कोपरे होते, धावपळ होती, खट्याळपणा होता. पहिल्या रांगेतली एक म्हातारी उभी राहिली. मग तिच्या मागचा एक माणूस. मग रांगाच्या रांगा.

बाई पियानोपाशी बसल्या होत्या, हात मांडीवर. रेकॉर्डमधली त्यांचीच तरुण बोटं भावाच्या मागे पळत होती. मग मध्येच एका जागी ट्रंपेट एकटा पुढे गेला, आणि बाईंनी हात उचलले. तबकडीतल्या पियानोच्या अंगाअंगाने त्यांचा आजचा पियानो शिरला, हलका, जरासा मागून, वय झालेल्या माणसाने जिना चढावा तसा. आणि भावाने वर तो सूर लावला तसा त्यांनी खालून त्याला खांदा दिला. धडाम ब्रशने झांजेला नुसतं गोंजारत होता आणि हमसून हमसून रडत होता, पण ताल जागचा हलला नाही. दुकानवाली विंगेत दोन्ही मुठी आवळून उभी होती. डॉक्टरीण ओरडत होती. काय ओरडत होती ते तिलाही कळत नव्हतं, कारण शेजारी दादा तिच्याहून मोठ्याने ओरडत होते.

चाल संपली. जुन्या टाळ्या आणि नव्या टाळ्या एकमेकींत मिसळल्या, आणि कुठल्या कुठल्या ते कुणाला सांगता आलं नसतं. दादांनी सुई उचलली तरी टाळ्या थांबेनात. "पुन्हा! पुन्हा!" लोक ओरडायला लागले.

बाईंनी पदराच्या टोकाने तोंड पुसलं आणि माईक जवळ ओढला.

"पुन्हा नाही," त्या म्हणाल्या. "ती जुनी झाली. एक नवीन आहे, आज सकाळीच सुचली. मध्ये कुठेतरी चुकेन, सांभाळून घ्या."

त्यांनी धडामकडे पाहून मान हलवली, आणि डावा हात खाली आला.